वाचकांचे प्रश्न: सोळा कोअरचा जुना सर्व्हर की आठ कोअरचा नवा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे जुन्या आणि नव्या सर्व्हर प्रोसेसरांच्या तुलनेविषयी असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक भाग.) पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न कोल्हापुरातल्या बहुतेक पतसंस्थांपुढे आज ना उद्या येणारच आहे.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत २०१३ साली घेतलेला सर्व्हर आहे. त्यात इंटेल झिऑन ई५-२६७० हे दोन प्रोसेसर, म्हणजे एकूण १६ कोअर आहेत. दिवसअखेरीचे काम, आणि विशेषतः ३१ मार्चची व्याज आकारणी, आता फार वेळ खाते. पुरवठादाराने झिऑन ई-२४८८ हा एकच प्रोसेसर असलेला, आठ कोअरचा सर्व्हर सुचवला आहे. सोळाच्या जागी आठ घेऊन वर पैसे कशासाठी मोजायचे, असा संचालकांचा आक्षेप आहे. शिवाय विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ते दाखवतात की जुना सर्व्हर तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त वापरलाच जात नाही. त्यांना काय सांगावे?
— व्यवस्थापक, पतसंस्था, राजारामपुरी

उत्तर: संचालकांनी दाखवलेल्या तीन टक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या आकड्यात आहे. तुमच्या सर्व्हरमध्ये १६ कोअर आहेत आणि एका कोअरला दोन कामे एकदम धरू देणाऱ्या हायपरथ्रेडिंगमुळे विंडोजला ते ३२ दिसतात. दिवसअखेरीचा प्रोग्राम जर एका खात्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे अशा एकाच रांगेत व्याज काढत असेल, तर तो एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे कामाची एकच रांग, वापरतो; आणि ३२ पैकी एक थ्रेड पूर्ण ताकदीने राबत असला तरी एकूण वापर जेमतेम ३ टक्के दाखवला जातो. सर्व्हर रिकामा बसला आहे असा त्याचा अर्थ होत नाही. एक कारकून घामाघूम झाला आहे आणि एकतीस जण त्याच्याकडे बघत बसले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख उघडला तरी एखादा आलेख शंभरावर टेकलेला दिसेलच असे नाही, कारण विंडोज तेच काम थोड्या थोड्या वेळाने या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असते. त्याऐवजी ‘डिटेल्स’ या पानावर जाऊन त्या प्रोग्रामसमोरचा सीपीयूचा (प्रोसेसरचा) रकाना पाहावा. तिथे तासभर ०३ हाच आकडा दिसत राहिला, तर तुमचे काम एका कोअरच्या वेगाला अडले आहे असे खुशाल समजावे.

काम खरोखरच असे अडले असेल, तर सोळाचे आठ होणे ही तक्रारच उरत नाही. मग पाहायचे ते एवढेच की नवा एक कोअर जुन्या एका कोअरच्या किती पट काम करतो. ई५-२६७० हा मार्च २०१२ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर. त्याचा मूळ क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, २.६ गिगाहर्ट्झ आणि एखाददुसराच कोअर राबत असताना चढणारा टर्बो क्लॉक ३.३ गिगाहर्ट्झ आहे. ई-२४८८ हा डिसेंबर २०२३ मधला. त्याचा मूळ क्लॉक ३.२, तर टर्बो ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मूळ आकडे शेजारी ठेवले की २.६ आणि ३.२ यांत फारसे अंतर दिसत नाही, आणि तुमच्या मंडळाच्या बैठकीत बहुधा हेच आकडे वाचले गेले असावेत. एकाच थ्रेडच्या कामाला मात्र टर्बोचा आकडा लागू होतो, आणि तिथे नुसत्या क्लॉकचाच फरक १.७ पटींचा आहे.

यापुढचा भाग आकड्यांत सहज दिसत नाही. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. चरक मिनिटाला किती फेरे घेतो हा झाला क्लॉक; पण एका फेऱ्यात किती कांडी पिळून निघतात, हे चरकाच्या रुंदीवर आणि ऊस घालणाऱ्या माणसाच्या हातावर अवलंबून असते. प्रोसेसरचेही असेच आहे. २०१२ च्या त्या सँडी ब्रिज रचनेत क्लॉकच्या एका ठोक्यात प्रोग्रामच्या साधारण चार सूचना उलगडल्या जात. ई-२४८८ मधल्या रॅप्टर कोव्ह रचनेत सहा उलगडल्या जातात. पुढची सूचना अडली तर तिच्या मागच्या सूचना आधी उरकून घेण्यासाठी जुना कोअर १६८ सूचना हाताशी धरू शकत असे, नवा ५१२ धरतो. प्रोग्राम पुढे कोणत्या फाट्याने जाईल याचा अंदाज बांधणारी यंत्रणा सुधारली आहे, आणि प्रत्येक कोअरची स्वतःची दुसऱ्या पातळीची कॅश (हाताशी ठेवलेली छोटी, जलद स्मृती) २५६ किलोबाइटवरून २ मेगाबाइटवर गेली आहे. ही सुधारणा एका पिढीत थोडीथोडकीच दिसते, पण ती चक्रवाढ व्याजाने वाढते आणि चक्रवाढ म्हणजे काय हे पतसंस्थेच्या संचालकांना समजावण्याची गरज नाही. उदाहरणार्थ, इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने आपल्या झेन या रचनेच्या पिढ्यांबद्दल एका क्लॉकमध्ये होणाऱ्या कामातल्या वाढीचे जे दावे केले आहेत, ते झेन २ साठी १५ टक्के, झेन ३ साठी १९ टक्के आणि झेन ४ साठी सुमारे १३ टक्के असे आहेत. तिन्हींची साधी बेरीज ४७ होते. गुणाकार केला तर वाढ सुमारे ५५ टक्क्यांची निघते. दावे कंपनीचे स्वतःचे असल्याने हातचे राखूनच घ्यावेत, पण अकरा वर्षांत क्लॉक आणि रचना या दोन्हींचा गुणाकार किती मोठा होतो हे त्यांवरून कळते. तुमच्या एका रांगेत चालणाऱ्या कामाला नवा कोअर अडीच पटींच्या आसपास वेग देईल, अशी अपेक्षा ठेवणे वावगे ठरणार नाही.

मग २०१२ साली इतके कोअर कशासाठी घातले होते, असा प्रश्न एखादा चिकित्सक संचालक विचारील. ट्रान्झिस्टर लहान होत जातो तसा त्याचा विजेचा वापरही त्याच प्रमाणात उतरतो, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम साधारण २००५ च्या सुमारास टिकेनासा झाला. क्लॉक वाढवावा तर चिप तापू लागली, म्हणून वाढत्या ट्रान्झिस्टरांचे जास्त कोअर करण्यात आले. ज्या सर्व्हरवर शेकडो माणसे एकाच वेळी स्वतंत्र कामे करतात, त्याला हे फार सोयीचे होते. तुमच्या काउंटरवरच्या दहा-पंधरा जणांनाही दिवसभर त्याचा फायदा झालाच असेल. दिवसअखेरीला मात्र तो कधीच झाला नाही.

आता दुसरी बाजू, जी पुरवठादार बहुधा सांगणार नाही. नवा लहान सर्व्हर प्रत्येक बाबतीत जुन्याच्या पुढे नाही. ई५-२६७० ला रॅमचे चार चॅनेल, म्हणजे रॅमशी ने-आण करण्याचे मार्ग, आहेत; डीडीआर३-१६०० रॅम लावल्यास एका प्रोसेसरला सेकंदाला ५१.२ गिगाबाइट, म्हणजे दोघांना मिळून १०२.४ गिगाबाइट एवढी वाट मिळते. ई-२४८८ ला दोनच चॅनेल आहेत आणि डीडीआर५-४८०० रॅम लावूनही ही वाट ७६.८ गिगाबाइटच भरते. जास्तीत जास्त रॅमही १२८ गिगाबाइटच बसते, जेव्हा की तुमच्या जुन्या सर्व्हरची मर्यादा याच्या कितीतरी पट आहे. पतसंस्थेच्या हिशेबाला याने काही बिघडत नाही, पण उद्या याच सर्व्हरवर दहा-बारा आभासी सर्व्हर (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने मांडलेले वेगवेगळे सर्व्हर) उभे करण्याचा विचार असेल तर तो आजच बोलून दाखवावा.

प्रोसेसरवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली फुकटची आहे: विंडोजमधली वीजवापराची निवड ‘बॅलन्स्ड’ असेल तर ती ‘हाय परफॉर्मन्स’ करावी आणि बायोसमध्येही (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज वाचवण्याची निवड चालू आहे का ते पाहावे. एकाच थ्रेडचे काम चालू असताना एकूण वापर कमी दिसतो, त्यामुळे काही सर्व्हर क्लॉक खाली उतरवून ठेवतात. दुसरी गोष्ट डिस्कची. वर सांगितलेल्या रकान्यात ०३ ऐवजी ०० किंवा ०१ दिसत असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत थांबला आहे असा संशय घ्यावा. २०१३ च्या सर्व्हरमध्ये बहुधा मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या डिस्क असतील. अशा डिस्कचा एक फेरा ६ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे हवी ती नोंद हेडखाली येण्यासाठी सरासरी ३ मिलिसेकंद नुसती वाट पाहावी लागते, आणि हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. फिरता भाग नसलेल्या एसएसडीला तीच नोंद मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात मिळते. काम डिस्कला अडले असेल तर जुन्या सर्व्हरच्या रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) चालणाऱ्या एसएसडी बसवल्यानेच दिवसअखेर आटोक्यात येईल, आणि नव्या सर्व्हरची घाई उरणार नाही. नव्या सर्व्हरमुळे झालेला म्हणून जो फरक मिरवला जातो, त्यातला मोठा वाटा अनेकदा त्यात बसवलेल्या एसएसडीचा असतो, हे मी स्वतः एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

यानंतर पुरवठादाराला चाचणीसाठी सर्व्हर आणायला सांगावे. मार्चच्या आकारणीपूर्वीचा बॅकअप त्याच्यावर उतरवावा, तीच आकारणी पुन्हा चालवावी आणि घड्याळ लावून वेळ मोजावा. जुन्या सर्व्हरवरही तोच बॅकअप, तीच आकारणी, शक्यतो त्याच आठवड्यात. चाचणी संस्थेच्या कार्यालयातच घ्यावी आणि सर्व्हर परत जाण्यापूर्वी त्यावरची सभासदांची माहिती आपल्या देखत पुसून घ्यावी. संचालक मंडळापुढे ठेवण्यासाठी या दोन वेळांइतका भक्कम कागद दुसरा नाही.

खर्चाचे थोडक्यात. विंडोज सर्व्हरचा कोअरनिहाय परवाना एका सर्व्हरला किमान १६ कोअरचा घ्यावाच लागतो, त्यामुळे आठ कोअरचा सर्व्हर घेऊन तिथे बचत होत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा परवाना कोअरवर घेतलेला असेल तर मात्र सोळाचे आठ झाल्याने तो निम्म्यावर येतो. विजेच्या बाबतीत प्रोसेसरवर छापलेल्या ११५ आणि ९५ वॅट या आकड्यांवरून हिशेब करू नये. प्लगमध्ये लावायचे मीटर मिळते, त्यावर जुन्या आणि नव्या दोन्ही सर्व्हरांचा दिवसभराचा वापर मोजावा. दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात १०० वॅटचा फरक म्हणजे वर्षाला ८७६ युनिट, आणि ती उष्णता बाहेर काढणाऱ्या एसीचे बिल वेगळे. जुन्या सर्व्हरवर अजून विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चालत असेल, तर त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट वगैरे, १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे. त्या परिस्थितीत वेगाची चर्चा दुय्यम ठरते आणि बदल करावाच लागेल.

प्रश्न: आमच्याकडे झिऑन ई५-२६५० व्ही२ चा सर्व्हर आहे. यंत्रात काहीही न बदलता, केवळ विंडोजचे अपडेट घेतल्यानंतर तो मंदावला असे आमच्या संगणक विभागाचे म्हणणे आहे. प्रोसेसर असा म्हातारा होतो का? अपडेट काढून टाकल्यास वेग परत येईल का?
— सचिव, सहकारी संस्था, कागल

उत्तर: प्रोसेसर झिजून मंद होत नाही. तो चालतो तेव्हा ठरल्या क्लॉकने चालतो. फार तर धूळ बसून तापला की आपणहून क्लॉक खाली आणतो, म्हणून आधी पंखे आणि हीटसिंक साफ करून घ्यावेत. तरीही तुमच्या संगणक विभागाचे म्हणणे खोटे ठरत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी प्रोसेसरांच्या रचनेतलेच दोष जाहीर झाले, आणि ते झाकण्यासाठी जी अपडेट आली त्यांनी जुन्या प्रोसेसरांचा काही वेग खरोखरच काढून घेतला.

गंमत अशी की पहिल्या उत्तरात ज्या गुणांचे कौतुक केले, त्यांतूनच हा दोष निघाला. सूचनेची पाळी येण्याआधीच ती अंदाजाने चालवून ठेवायची, या सवयीमुळे ज्या माहितीला हात लावण्याची प्रोग्रामला परवानगी नाही तिचा माग कॅशमध्ये राहून जाई. मेल्टडाउनवर उपाय म्हणून विंडोज आणि लिनक्स या दोघांनीही आपली स्मृती सामान्य प्रोग्रामांच्या नकाशातून बाहेर काढली. कॅशियरला तिजोरीच्या खोलीत जाताना प्रत्येक वेळी टेबल आवरून, खण बंद करून जावे लागावे आणि परत आल्यावर सगळे पुन्हा मांडावे लागावे, तसे हे झाले. दिवसातून दहा वेळा जाणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. मिनिटाला दहा वेळा जाणाऱ्याचा दिवस त्यातच जाईल. म्हणूनच नुसती आकडेमोड करणाऱ्या प्रोग्रामांना फरक जवळपास जाणवला नाही, तर डिस्क आणि नेटवर्ककडे सतत धावणाऱ्या डेटाबेसला तो जाणवला. विंडोज सर्व्हरवर, विशेषतः अशा ये-जा जास्त असलेल्या कामांत, परिणाम ठळक असेल हे मायक्रोसॉफ्टनेही तेव्हाच मान्य केले होते.

तुमचा व्ही२ हा आयव्ही ब्रिज पिढीचा, २०१३ चा प्रोसेसर. हे आवरणे-मांडणे स्वस्त करणाऱ्या सोयी त्याच्या पुढच्या हॅसवेल पिढीत अधिक पुऱ्या झाल्या, त्यामुळे तुमच्या पिढीला तुलनेने जास्त फटका बसतो. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत मेल्टडाउनवरचा उपाय चिपमध्येच आला तो एप्रिल २०१९ च्या कॅस्केड लेक पिढीत. एएमडीच्या प्रोसेसरांत मेल्टडाउनचा दोष नव्हता, स्पेक्टरचा मात्र होता. यातून तुलनेसाठी एक सावधगिरी निघते: २०१८ पूर्वी जुन्या सर्व्हरवर मोजलेला वेग आजच्या नव्या सर्व्हरसमोर ठेवू नये. जुने यंत्रही आजची अपडेट घालूनच मोजावे.

अपडेट काढून टाकल्यास काही वेग परत येईल. पण ज्या सर्व्हरवर सभासदांचे पैसे आणि कागदपत्रे आहेत, त्यावर तसे करण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न: आमच्या फाउंड्रीत कास्टिंगचे सिम्युलेशन करण्यासाठी यंत्र घ्यायचे आहे. मुंबईहून झिऑन ई५-२६८० व्ही४ च्या दोन प्रोसेसरचा, २८ कोअरचा सेकंडहँड सर्व्हर स्वस्तात मिळतो आहे. नव्यामध्ये एएमडी एपिक ९१२४ चा १६ कोअरचा सर्व्हर सुचवला गेला, पण तो कितीतरी महाग आहे. पहिल्या उत्तरातला नियम इथेही लावायचा का?
— भागीदार, फाउंड्री, शिरोली एमआयडीसी

उत्तर: नाही. व्याजाचे काम एका रांगेचे होते. धातू साच्यात कसा गोठतो हे काढताना तुमचा प्रोग्राम साच्याचे लाखो बारीक ठोकळे पाडतो आणि प्रत्येक ठोकळ्याचे तापमान शेजाऱ्यांच्या तापमानावरून पुन्हा पुन्हा मोजतो. हे काम अनेक कोअरांत वाटता येते, म्हणून २८ हा आकडा मोहात पाडतो. मोहाला पहिला लगाम जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचा. तुमच्याच शेडमध्ये तो रोज दिसतो: मोल्डिंगला माणसे कितीही वाढवली तरी लॅडल (वितळलेला धातू ओतण्याचे भांडे) एकच असेल तर ओतण्याचा वेळ तेवढाच राहतो. सिम्युलेशनमधला एक दशांश भाग वाटता न येणारा आहे असे धरले, तर ८ कोअरांनी काम ४.७ पट, १६ कोअरांनी ६.४ पट आणि २८ कोअरांनी ७.६ पट जलद होते. सोळानंतरच्या बारा कोअरांनी काय दिले ते यावरून दिसते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कागदावरच्या गणितशक्तीत तुमचा सेकंडहँड सर्व्हर नव्याच्या मागे नाहीच, उलट पुढे आहे. दोन्ही प्रोसेसरांचा एक कोअर एका क्लॉकमध्ये दुहेरी अचूकतेची (जास्त अंकांपर्यंत नेमकी) १६ गणिते करू शकतो. मूळ क्लॉक धरून २८ कोअर गुणिले २.४ गिगाहर्ट्झ हा हिशेब १६ गुणिले ३.० पेक्षा मोठाच भरतो, जरी अशी जड गणिते चालू असताना जुन्याचा क्लॉक आणखी खाली उतरतो हे खरे. पण गणित करण्यासाठी आकडे रॅममधून हाताशी यावे लागतात. व्ही४ च्या एका प्रोसेसरला डीडीआर४-२४०० चे चार चॅनेल, म्हणजे सेकंदाला ७६.८ गिगाबाइट, दोघांचे मिळून १५३.६. एपिक ९१२४ ला डीडीआर५-४८०० चे बारा चॅनेल, म्हणजे ४६०.८. कोअरनिहाय पाहिले तर जुन्यात एका कोअरच्या वाट्याला ५.५ गिगाबाइट येतात आणि नव्यात २८.८. तापमानाच्या गणितात प्रत्येक आकड्यावर काम थोडे आणि आकड्यांची ने-आण भरपूर असते, त्यामुळे जुन्या सर्व्हरचे कोअर वाळूची वाट पाहणाऱ्या मोल्डरसारखे थांबून राहतील. हे सगळे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात कोणतेच यंत्र तिथवर पोहोचत नाही. पण तिपटीचे अंतर त्याने पुसले जात नाही.

इथेच सेकंडहँड सर्व्हरमधली एक नेहमीची फसगत सांगतो. विक्रेता ‘१२८ जीबी रॅम’ एवढेच सांगतो. ती ६४ जीबीच्या दोन पट्ट्यांत असेल तर प्रत्येक प्रोसेसरचा एकच चॅनेल भरला जातो आणि वर सांगितलेल्या वेगातला चौथा हिस्साच हाती येतो. १६ जीबीच्या आठ पट्ट्या मागाव्यात, प्रत्येक प्रोसेसरला चार. नव्या सर्व्हरलाही हाच नियम लागू आहे. बारा पट्ट्या न भरता घेतलेला एपिक म्हणजे पैसे देऊन घेतलेली अडवणूक. कोटेशनमध्ये पट्ट्यांची संख्या लिहून घ्यावी.

इंटरनेटवरचे गुणांचे तक्ते पाहणार असाल, तर स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीचे दोन प्रकार असतात हे ध्यानात ठेवावे. ‘रेट’ या प्रकारात एकाच कामाच्या अनेक प्रती एकदम चालवून यंत्राचा एकूण उठाव मोजतात. ‘स्पीड’मध्ये एकच काम किती लवकर संपते ते पाहतात. तुम्हाला एक कास्टिंग लवकर हवे आहे, त्यामुळे ‘स्पीड’मधले अपूर्णांकी गणिताचे गुण जवळचे. २००६ च्या जुन्या चाचणीचे गुण २०१७ च्या गुणांशेजारी ठेवू नयेत. ती मापे वेगळी आहेत.

आता निवड. प्रोग्रामचा परवाना किती कोअरांचा आहे ते आधी पाहावे. तो आठचा असेल तर दोन्हीकडचे उरलेले कोअर शोभेचे, आणि मग रॅमची वाट व क्लॉक जास्त असलेला नवाच सरस. महिन्याला दोन-चार नवी कास्टिंग तपासायची असतील आणि यंत्राला रात्रभर चालू देता येत असेल, तर सेकंडहँड व्ही४ घ्यावा, चॅनेल भरून घ्यावेत, आणि वाचलेले पैसे पॅटर्नशॉपला द्यावेत. रोज रायझरच्या (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याच्या) जागा बदलून पुन्हा पुन्हा सिम्युलेशन पाहणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर वाट पाहण्यात जाणारा त्याचा वेळ हाच मोठा खर्च असतो, आणि तिथे नवा सर्व्हर लवकर वसूल होतो.

प्रश्न: मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सर्व्हर आणि लिनक्स शिकण्यासाठी भंगारातून आलेला ई५-२६७० चा सर्व्हर घरी घेऊ का?
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: शिकण्यासाठी वेगापेक्षा रॅम जास्त लागते आणि या सर्व्हरांची जुनी डीडीआर३ रॅम स्वस्त मिळते, त्यामुळे कल्पना वाईट नाही. आठ-दहा आभासी यंत्रे मांडून बघायला तो पुरेल. एक अडचण मात्र आधीच सांगतो: मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० या लिनक्सच्या आवृत्तीला एव्हीएक्स२ ही अनेक गणिते एकदम करण्याची सोय असलेला प्रोसेसर लागतो, आणि ई५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे नुसत्या ई५ मध्ये आणि व्ही२ मध्ये, ती नाही. नववी आवृत्ती चालेल; दहावीच शिकायची असेल तर त्याचाच मोफत पर्याय असलेल्या अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी प्रत ठेवली आहे. थोडे जास्त पैसे घालून व्ही३ किंवा व्ही४ मिळत असेल तर तोच घ्यावा. या पिढ्यांत एव्हीएक्स२ आहे.

दुकानातच तो एकदा चालू करून दाखवायला सांगावे. एक यू (यू हे सर्व्हरच्या उंचीचे माप) उंचीच्या सर्व्हरचे पंखे लहान असल्याने फार वेगाने फिरतात, आणि त्यांचा आवाज दोन खोल्यांच्या घरात रात्री कोणाला झोपू देणार नाही. दोन यूचा किंवा टॉवरच्या आकाराचा मिळाला तर बरा. काम नसेल तेव्हा तो बंद ठेवण्याची सवय लावावी, कारण रिकामा असतानाही असा दोन प्रोसेसरचा सर्व्हर वीज खातच असतो, आणि तुमच्या घरचे बिल तुम्ही भरत नसाल असे मी धरून चालतो.